हेमिंगचा दालर

"हे काय?" हेमिंगने विचारलं.

"पगार," कारकून ब्रोमान म्हणाला.

"ही तर बटणं आहेत. शिवायची कुठं?"

मागे रांगेतले दोघे-तिघे हसले. ब्रोमान स्टॉकहोमचा, तरुण. तो तोऱ्यात म्हणाला, "यावर एक दालर लिहिलंय. राजाचा हुकूम आहे. मुकाट्याने घ्या."

"माझ्या कपाळावर बिशप लिहा. होतो का मी बिशप?"

स्वीडनमधल्या आवेस्ता गावच्या टाकसाळीत हेमिंग सव्वीस वर्षं तांब्याच्या जड लाद्यांवर शिक्के मारून दालर पाडत होता. चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक. दालर म्हणजे दालरभर तांबं, उचलताना माणसाला घाम फुटला पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. युद्धापायी राजाने काढलेल्या या बटणाएवढ्या टिकल्यांना तो हात लावणार नव्हता. पगार तसाच टाकून तो घरी आला.

मालिन, त्याची बायको, चुलीपाशी होती. सगळं ऐकून म्हणाली, "आता पोरींना तुमचा ताठा शिजवून घालू?"

सकाळी तीच टाकसाळीत जाऊन पगार घेऊन आली आणि तशीच वाण्याकडे गेली. वाण्याने नाक मुरडलं.

"राजाचा हुकूम आहे ना? की तुम्ही राजापेक्षा मोठे?" मालिनने विचारलं.

संध्याकाळपर्यंत घरात राय धान्याची दोन पोती, मीठ आणि एक दुभती शेळी आली. हेमिंग तीन दिवस रुसून बसला, चौथ्या दिवशी कामावर गेला. पुढे प्रत्येक पगार मालिननेच आणला आणि त्याच दिवशी संपवला.

मग लढाईत राजा मेला. वसंतात हुकूम आला, टिकलीची किंमत निम्मी. ती निम्मीही कोणी देईना. ज्यांनी पेट्या भरभरून साठवल्या होत्या, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हेमिंग त्यांच्या दारांवरून मान ताठ करून मुद्दाम हळू चालायचा.

एका सकाळी ब्रोमान दारात आला. गालफडं बसलेली, हातात जड पिशवी.

"बायको बाळंत झालीय. थोडं दूध हवं होतं. दोन वर्षांचा पगार आहे हा, सगळा घ्या."

"राजाचा हुकूम वाटतं?" हेमिंग बाकावरून म्हणाला.

मालिनने पिशवीकडे पाहिलंही नाही. "धार काढते. थांबा," म्हणून ती गोठ्यात गेली.

ब्रोमान उंबऱ्यातच उभा राहिला. हेमिंगने त्याला बस म्हटलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिला, आणि मग बाकावर थोडा सरकला.