तालमीच्या नावावरचं पाळणाघर

माझी बायको साळूबाई गेली हे मला कळलं तेव्हा मी श्रीगोंद्यात होतो. विहिरीवरची मोटर जळाली होती, ती वायंडिंग भरायला टाकली होती. रंगुबाईचा फोन आला. ती साळूबाईबरोबर पाळणाघरात काम करायची. म्हणाली, "भावजी, मोटर राहू द्या तिथंच. तुमी या." मागून बायकांचं रडणं ऐकू आलं, तेव्हा समजलं. साळूबाई पाळणाघराची खोली झाडताना पडली होती. ऑगस्ट चालू होता. पोरं यायला अजून तीन महिने होते, तरी ती आठवड्याला खोली झाडायची.

पोरं म्हणजे ऊसतोडीवाल्यांची. कारखाना सुरू झाला की आईबाप अंधारातच फडात जातात आणि लहान पोरांना बांधावर झोपवतात. एका साली एक पोर ट्रॉलीखाली आलं. त्यानंतर साळूबाईनं गावातल्या सहा बायका जमवल्या आणि ग्रामपंचायतीकडून खोली मागून घेतली. बावीस वर्षं चालवली.

तेरावं झाल्यावर ग्रामसेवक आसारामभाऊ घरी आले. चहा घेऊन म्हणाले, "गहिनीनाथराव, वेळ बरी नाही, पण सांगावं लागतं. खोलीचा करार संपतोय. दिवाळीआधी ग्रामसभा आहे. संस्थेच्या आत्ताच्या विश्वस्तांची यादी आणा. नाही आली तर खोली सोसायटीला खत ठेवायला जाईल. त्यांचा अर्ज आलाय."

मी मोनिकाच्या दुकानात गेलो. ती गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. नोंदलेल्या संस्था शोधायची वेबसाइट तिनं उघडली.

"संस्थेचं नाव काय, तात्या?"

"साळूबाईची खोली."

"ते गावातलं. कागदावरचं सांगा."

मला ते माहीत नव्हतं. बावीस वर्षं डबा पोचवला, पत्रे बसवून दिले, नाव कधी विचारलं नाही. महिला मंडळ टाकून बघितलं, बालक टाकलं, पाळणाघर टाकलं. दर वेळी मोनिका कॅप्चाची वाकडी अक्षरं वाचून भरायची आणि दर वेळी एकच उत्तर, नोंद सापडली नाही. तीन दिवस मी हेलपाटे घातले. तिसऱ्या दिवशी मी मोनिकावरच ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तात्या, मी तर फक्त टायपिंग करते."

शेवटी रंगुबाईला फोन लावला. ती म्हणाली, "अवो, तुमच्याच तालमीचं नाव हाय की. इसरलात व्हय?"

विसरलोच होतो. आम्ही सात जणांनी तरणेपणी हनुमान तालीम मंडळ नोंदवलं होतं. कुस्त्या बंद पडल्या, नोंदणी राहिली. बायकांना नवी नोंदणी करायला वेळ लागत होता, तेव्हा मीच ऐटीत म्हणालो होतो, आमची घ्या, पडूनच हाय. नावं नंतर बदलू.

मोनिकानं तालमीचं नाव टाकलं. लांबच लांब यादी आली.

"जिल्ह्यात गल्लीगल्लीला हनुमान हाय, तात्या," ती म्हणाली. मग आमच्या गावचं सापडलं. सात नावं. सगळे पुरुष, त्यातले चार मेलेले. सचिव मी. साळूबाई कुठंच नाही.

मी म्हणालो, "अध्यक्ष वारली, असं लिही. तिच्या जागी रंगुबाई घाल."

"त्या अध्यक्ष असल्याची नोंदच न्हाई. मग वारल्या कुठून लिहू?"

"बावीस वर्षं तिनं चालवलंय. गावाला विचार."

"गावाला माहीत हाय. इथं न्हाई."

चूक वेबसाइटची नव्हती. घरी येऊन माझी पेटी उघडली. तळाशी बदलाचा अर्ज होता. साळूबाईनं अनेकदा सही मागितली होती. मी म्हणायचो, करू की, नाव कुठं पळून चाललंय. तालमीतले माझ्याशिवाय दोघंच उरलेत; अर्जावर त्यातल्या पुण्याच्या अमृतची सही होती. रंभाजीचीही होती. रंभाजीशी बांधावरून माझं अकरा वर्षं बोलणं नाही. सचिवाची जागा तेवढी कोरी.

तो अर्ज आता चालत नाही, त्यात पहिलं नाव तिचंच आहे. मोनिकानं नवा करून दिला. मी सही केली, अमृतनं येऊन केली. रंभाजीच्या ओट्यावर गेलो. तो बाज विणत होता. बस म्हणाला नाही.

"सही पायजे व्हय?"

"पाळणाघरासाठी."

"वहिनी आल्त्या तवा दिली हुती मी. त्यांना इचारलं, तुझ्या मालकाची कुठाय? म्हनल्या, ते करतील." त्यानं दोरी ओढली. "केली न्हाईस."

"न्हाई केली."

"ठेव कागद. वाचतो."

कागद ठेवून आलो. त्याला नऊ दिवस झाले. ग्रामसभा पुढच्या सोमवारी आहे. रंभाजीची सही व्हायची आहे, अर्ज नगरला धर्मादाय कार्यालयात द्यायचा आहे, रंगुबाईचं आणि बाकी पाच जणींचं नाव लागायचं आहे. साळूबाईचं नाव लावायचं राहिलं, ते आता लागणार नाही.