टेपचे पहिले दोन इंच

टेलरमास्तरांनी कुंपणाबाहेर उभं राहून एक डोळा मिटला आणि रोजच्यासारखं घोडीच्या मानेचं माप घेतलं.

“बेचाळीस.”

“काल पण बेचाळीसच होती,” आत उभ्या असलेल्या घोडे शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या.

“आमच्या आजोबांनी घोड्याला कोट शिवला होता, ताई. बटणं घोडा स्वतः लावायचा. वरचं तेवढं राहायचं.”

ताई हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या. त्यांच्या हातातली दोरी बघून घोडी पार कोपऱ्यात गेली होती. आधीच्या घरी तिनं दोरीचा मार खाल्लेला. तीन महिने झाले, कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती.

“दुपारी गाडी येतेय, मास्तर. हिला देऊन टाकणार. मालक म्हणाले, फार झाले लाड.”

मास्तरांच्या तोंडाशी आलेली पुढची थाप तिथंच विरली.

“मी येऊ आत?”

“या. पण तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. आणि तोंड बंद ठेवायचं. जमेल?”

“पहिल्या दोन गोष्टी जमतील.”

घोडीकडे पाठ करून ते पालथ्या बादलीवर बसले. हात चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून मांड्यांखाली दाबले. इतक्या घोड्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या या माणसानं घोड्याला जन्मात कधी हात लावला नव्हता.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मागं माती चुरचुरली. मानेवर ऊन श्वास आला, आणि गळ्यातल्या टेपला हिसका बसला. कचकच आवाज येऊ लागला.

“टेप चघळतेय,” ताई कुजबुजल्या. “तिला ती दोरी वाटतच नाहीये.”

मास्तर इंचाइंचानं उठले. गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालावी तशी अलगद त्यांनी टेप तिच्या मानेभोवती टाकली. कातडी थरथरली. पाय हलले नाहीत.

“किती भरली?”

मास्तरांनी टेप डोळ्यांशी नेली. आकडे पुसट दिसत होते.

“बेचाळीसच.”

गाडी आली तेव्हा घोडी टेपमागून शांतपणे चालत होती. मालक बघत राहिले. गाडी रिकामी परत गेली.

टेपचे पहिले दोन इंच मात्र गेले ते गेलेच. मास्तर हल्ली प्रत्येक मापातून दोन वजा करतात. विसरले की सदरा ढगळ होतो.

“टेपला काय झालं हो, मास्तर?” गिऱ्हाईक विचारतं, आणि दुकानातली मंडळी सरसावून बसतात. आता काहीतरी फर्मास निघणार!

“उंदरानं खाल्ली,” मास्तर म्हणतात, आणि सुईत दोरा ओवायला लागतात.