शेवटचे आठ रकाने

मधुसूदनला या वेळी चोरी करू द्यायची, हे प्रेमिलाने जयवंताला पाजता पाजता ठरवलं. सहा महिन्यांची पोर दूध सोडून आईकडे बघत हसली.

"हसून काहून राहिली वं? साक्ष तर तुलेच द्यायची आहे," प्रेमिला म्हणाली आणि तिच्या ओठावरचा दुधाचा थेंब पदराने टिपला.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात संध्याकाळी प्रोग्रामिंगचा वर्ग भरे. मशीनवर कार्डांना भोकं पाडायची, प्रोग्रामच्या एका ओळीला एक कार्ड, आणि गठ्ठा बोरकुटे सरांच्या टेबलावर ठेवायचा. कॉम्प्युटर दुसऱ्याच ऑफिसात होता; तिथून आठवड्याने छापील कागद येत. सरांचे नियम दारावरच डकवलेले. एक दिवस उशीर, पाच मार्क कमी. दोन प्रोग्राम सारखे निघाले तर उशिरा देणारा चोर. दोनदा चोर ठरला त्याची परीक्षा गेली.

मागच्या महिन्यात जयवंताला ताप भरला म्हणून प्रेमिला गठ्ठा वर्गातल्या कपाटावर ठेवून घरी धावली होती. दिला दुसऱ्या दिवशी. तोवर वर्गातल्याच मधुसूदनने नक्कल करून आपला म्हणून वेळेत देऊनही टाकला होता. चोर ठरली प्रेमिला. वरून तो व्हरांड्यात मित्रांना म्हणाला, "वहिनीनं पाळणा हलवावा गा. कॉम्प्युटर काय लंगोट आहे, धुतला न् वाळू घातला?"

रोज लंगोट पिळताना प्रेमिला ते वाक्यही पिळत होती.

कार्डावर ऐंशी रकाने असत. शेवटचे आठ कॉम्प्युटर वाचत नसे, पण कागदावर छापत मात्र असे. सरांनी हे पहिल्याच तासाला सांगितलं होतं. मधुसूदन त्या दिवशी तास संपताना उगवला होता. प्रेमिलाने प्रत्येक कार्डाच्या त्या आठ रकान्यांत लेकीचं नाव इंग्रजीत पाडलं. बरोब्बर आठ अक्षरं. मशीनची शाईची फीत कधीचीच वाळलेली, त्यामुळे कार्डावर नुसती भोकं दिसत.

मग तिने गठ्ठा त्याच कपाटावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "पोरीले बरं नाही" म्हणाली आणि निघाली. मशीनला नकलेचं बटण होतं, आणि मधुसूदन बटण दाबून मोकळा होणारा माणूस होता. घरी येऊन तिने त्या खोट्याबद्दल जयवंताची माफी मागितली. गठ्ठा दिला दुसऱ्या दिवशीच, मुद्दाम.

आठवड्याने सरांनी दोघांना बोलावलं. प्रेमिला पोरीला कडेवर घेऊनच गेली.

"दुसऱ्यांदा, प्रेमिलाबाई," सर म्हणाले. "नाव काटावं लागते आता."

"काटा, सर. पण आधी यांले विचारा, ओळीच्या शेवटी काय छापून आलं?"

मधुसूदनने आपला कागद पाहिला. पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं, आणि त्याखाली उजव्या कडेने थेट शेवटपर्यंत एकच शब्द.

"मशीनचा नंबर असन, सर."

"वाचा ना मोठ्यानं," प्रेमिला म्हणाली.

"ज... जयवंता."

हाक ऐकून कडेवरची पोर त्याच्याकडे वळली आणि खळखळून हसली.

सरांनी चष्मा काढला. "मागचाही हिचाच होता का?"

मधुसूदनने फरशीकडे बघत होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे दोनदा," सर म्हणाले. "आणि बाई, तुमचे उशिराचे पाच कापतो मी."

"कापा, सर."

व्हरांड्यात मधुसूदन मागून धावत आला. तेच मित्र कठड्यावर बसले होते. "वहिनी, सरले सांगा ना, गठ्ठा तुम्हीच दिलता मले म्हणून. खापरखेड्याची नोकरी अडकली आहे माझी या सर्टिफिकेटावर."

"हिनं लंगोट ओला केला, भाऊ. बदलून द्या आधी, मग पाहू."

तिने पोरीला दुपट्यावर निजवून कोरडा लंगोट पुढे केला. त्याने मित्रांकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसला. दोनदा गाठ सुटली. जयवंताने लाथ मारून त्याच्या खिशातला पेन पाडला. कठड्यावरून कोणीतरी म्हणालं, "पिन लाव गा, पिन!" तिसऱ्यांदा लंगोट बसला.

प्रेमिलाने पोरीला उचललं, गाठ चाचपली.

"चांगला बांधला, भाऊ," ती म्हणाली. "पण उशीर झाला."

आणि लेकीचा मुका घेत ती जिना उतरली.