बेचाळीस नंबरचा कोरा चेहरा

मी एक फोटो बोलतोय. भिंतीवर टांगलेला नाही की कुणाच्या पाकिटात जपलेला नाही. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका साहेबांच्या टेबलाच्या तळच्या खणात, बाद केलेल्या फोटोंच्या गठ्ठ्यात मी पडलोय. माझा नंबर बेचाळीस.

माणसाच्या भावना मेंदूत कुठे उमटतात, हे शोधण्यात साहेबांची वीस वर्षं गेली. त्यासाठी त्यांना चेहरे लागायचे. रागावलेले, घाबरलेले, रडके, हसरे असे सगळे चेहरे नटांनी हां हां म्हणता करून दिले. घोडं अडलं ते कोऱ्या चेहऱ्यापाशी. काहीही न करणं एकाही नटाला जमेना!

शेवटी साहेबांनी बायकोला बोलावलं आणि पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं.

"मी काय करायचं?" तिने विचारलं.

"काही नाही गं. घरी बसतेस तशी बस, नेहमीसारखी."

ती बसली. हात मांडीवर, नजर समोर. साहेबांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि खूश झाले. "झकास! एकदम कोरा!"

असा माझा जन्म झाला. उठताना ती म्हणाली, "तुमच्या एवढ्या चेहऱ्यांत काहीच न वाटणारी मी एकटीच का?" साहेब नुसते हसले. माझ्या पाठीवर त्यांनी झोकात लिहिलं, 'भावरहित'.

मग चाचण्या सुरू झाल्या. मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात माणूस आडवा व्हायचा, आम्ही एकेक जण त्याच्या डोळ्यांपुढच्या पडद्यावर यायचो आणि जो भाव दिसेल त्याचं बटण तो दाबायचा. एका सुताराने तर मला पाहून बटण दाबायचं सोडलं आणि आतूनच विचारलं, "काय झालं हो या बाईंना?"

यंत्र चालवणाऱ्या बाई जुन्या, स्पष्ट बोलणाऱ्या. महिन्याभराने त्या निकालाचा कागद घेऊन आल्या.

"सर, बेचाळीस नंबरची गडबड आहे. साठातले एकावन्न जण 'दुःखी' म्हणतात. रडक्या चेहऱ्यांना मेंदूतला जो भाग जागा होतो, तोच इथेही होतोय."

"फोटोतच खोट असेल. उजेड कमी पडला असेल."

"राग मानू नका सर, पण मलाही त्या दुःखीच वाटतात."

"अहो, बायको आहे ती माझी! मला कळणार नाही?"

साहेबांनी माझ्या नंबरापुढे 'सदोष' लिहिलं आणि मला खणात टाकलं. खरं सांगतो, मला भयंकर संताप आला होता. पण फोटोला तोंड असून उपयोग काय?

वर्षभराने साहेबांचा निबंध छापून आला. दुसऱ्याचं दुःख मेंदू किती चटकन ओळखतो, याबद्दलचा. अभिनंदनाच्या फोनांना खंड नव्हता. त्याच आठवड्यात, एका सकाळी साहेब कामावर असताना, त्यांच्या बायकोने घरी जीव दिला.

पंधरा दिवसांनी साहेब परतले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. "काही म्हणजे काही बोलली नाही हो," ते बाईंना सांगत होते. "चेहऱ्यावरसुद्धा कधी काही दिसलं नाही."

खण उघडून बाईंनी मला टेबलावर ठेवलं, शेजारी साठ जणांचा तो कागद ठेवला आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. साहेब एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. शेवटच्या ओळीवर पोचले आणि पुन्हा वरून वाचू लागले.

आता मी परत त्याच खणात आहे. रोज दुपारी साहेब मला बाहेर काढतात, पालथा करतात, पेनचं टोपण उघडतात. बराच वेळ त्या शब्दाकडे बघतात आणि टोपण लावून टाकतात.

साहेब, मला फ्रेम नको, भिंतही नको. 'भावरहित' तेवढं खोडा. त्या दिवशी ती तुमच्यासमोर बसली होती, तुम्ही सांगितलंत तशीच, नेहमीसारखी. तिने काहीही लपवलं नव्हतं.