उभा पाइप

माईंच्या नवऱ्याला अख्खी गल्ली इंजिनियर म्हणायची. खरं तर ते एका कचेरीत आवक-जावक टपाल सांभाळायचे आणि तिथूनच निवृत्त झाले. पण घर बांधताना त्यांनी प्लंबरला दारात उभं केलं नव्हतं. रजा टाकून स्वतः पाइपांना आटे पाडले, स्वतः भिंतीत खाचा खोदल्या, वरून गिलावाही स्वतःच केला आणि भेटेल त्याला बजावलं, की हे पाइप माझ्यानंतरही टिकतील. भिंतीबाहेरून पाइप नेलेल्या घरांवर तर त्यांचा भारी राग. "आतडी बाहेर लटकवून कोणी हिंडतं का?" असं ते म्हणायचे, आणि तेही त्या घरमालकाला ऐकू जाईल अशा बेतानं. हौसेला मोल नसतं म्हणतात. ह्यांच्या हौसेला मोजमापही नव्हतं. कोणता पाइप कुठल्या भिंतीतून गेलाय, ह्याचा नकाशा फक्त त्यांच्या डोक्यात होता.

इंजिनियर चार महिन्यांपूर्वी गेले. सकाळी लवकर, गच्चीच्या जिन्यात, पायरीवर बसल्या बसल्या. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या होत्या. गच्चीवर त्यांची झाडं असायची, त्यामुळे बादल्यांचं कोणाला नवल वाटलं नाही. त्यानंतर दोनच दिवसांत, घर माणसांनी भरलेलं असताना, सगळे नळ कोरडे पडले. संकटं कधी एकटी येत नाहीत, असं कोणीतरी म्हणालं, कोणीतरी अंगणातल्या नळावरून बादल्या भरून आणल्या आणि तो विषय तिथंच राहिला.

मग माणसं पांगली. माईंना रडू काही आलं नव्हतं. शेजारीण रोज येऊन सांगायची, माई, रडून घ्या, मोकळं व्हा. जसं काही ते बाजारातून आणायचं राहून गेलं होतं. बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो आणि आपलाच पाय दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. माईंना त्यांचं सगळंच तसं वाटत होतं. सकाळी तासभर अंगणातल्या नळाला जोरात पाणी यायचं. तेवढ्यात त्या कळशी आणि दोन पातेली भरून घ्यायच्या. एका माणसाला लागतं किती? गुडघे दुखायचे, पण तेही लांबून कुठून तरी.

मुलगा दुसऱ्या शहरात होता. तो एक दिवसाआड फोन करायचा आणि प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायचा, "आई, इकडे ये. घर काढून टाकू." सून चांगली होती, नातवंडं गोड होती, स्वयंपाकघरामागची खोली माईंसाठी रिकामी करून ठेवली होती. नाव ठेवायला जागाच नव्हती. माईंना जायचं नव्हतं. ह्या घरात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. पण जायचं नाही असं म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्यांच्यात उरला नव्हता. त्या नुसतं "बघू" म्हणायच्या. शेवटी मुलानंच तोडगा काढला. प्लंबरला बोलाव, सगळे पाइप बदलायला किती खर्च येतो ते विचार. परवडला तर राहा. नाही तर रविवारी एक जण घर बघायला येतोय, त्याला मी हो म्हणून सांगतो. माई म्हणाल्या, बरं.

प्लंबर आला तो कानाला फोन लावूनच. एका कानानं तो दुसऱ्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाला उद्याचा शब्द देत होता आणि एका हातानं माईंच्या न्हाणीघराची भिंत ठोकत होता. माणूस कामाचा होता, पण तोंडाला खळ नव्हती. इथून पाइप गेला असेल म्हणून त्यानं भिंत फोडली, तिथं नुसत्या विटा निघाल्या. तिथून गेला असेल म्हणून दुसरीकडे फोडली, तिथंही विटाच. "कोणी बांधलं हो हे?" असं त्यानं विचारलं आणि माईंनी उत्तर दिलं तेव्हा चटकन जीभ चावली. तिसऱ्या ठिकाणी, कोणाच्या स्वप्नातही येणार नाही अशा कोपऱ्यात, उभा पाइप सापडला. अंगणातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा तो हाच. प्लंबरनं त्याचा वीतभर तुकडा कापून काढला.

दरम्यान त्यानं दोन आकडे सांगून टाकले होते. जुन्यासारखं भिंतीच्या आतून करायचं तर सगळ्या भिंती खणायच्या, फरशा काढायच्या, पुन्हा बसवायच्या, गवंडी वेगळा, रंगारी वेगळा. तो आकडा ऐकून कोणाच्याही तोंडचं पाणी पळालं असतं. माईंनी फक्त मान हलवली. दुसरा आकडा बाहेरून प्लास्टिकचे पाइप नेण्याचा, पहिल्याच्या चौथाईसुद्धा नाही. तीन-चार दिवसांचं काम. दिसायला बरं दिसणार नाही, एवढंच. "आणि नुसता टाकीपर्यंतचा उभा पाइप बाहेरून न्यायचा असेल, तर अर्ध्या दिवसाचं काम आहे माई," असं तो बोलता बोलता म्हणाला. इंजिनियरांना बाहेरून पाइप चालले नसते, म्हणून माईंनी मुलाला सांगायला मनात पहिलाच आकडा धरला. म्हणजे घर जाणार. ठीक आहे. त्यांना काही वाटलं नाही.

मग प्लंबरनं तो कापलेला तुकडा खिडकीपाशी नेऊन डोळ्याला लावला. पलीकडचं काहीच दिसेना. गंज आणि क्षार साचून पाइप आतून पार बुजला होता, काडीसुद्धा जाणार नाही इतका. त्यानं तो माईंच्या हातात दिला. तुकडा होता वीतभर, पण हात खाली गेला इतका जड.

"नळ कधी बंद पडले म्हणालात?"

"हे गेले त्याच्या दोन दिवसांनी."

"शक्य नाही," प्लंबर म्हणाला. "ह्यातून पाच-सहा वर्षं थेंबही वर चढला नसणार. तुमच्या टाकीत पाणी येत कुठून होतं?"

त्याचा पुन्हा फोन वाजला, तो बोलत बोलत अंगणात गेला. माई स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. तुकडा मांडीवर होता.

टाकीत पाणी कुठून येत होतं? रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्या जिन्यातली पावलं ऐकायच्या. वर, खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं इंजिनियर म्हणायचे, आणि जिना चढण्यासारखा व्यायाम नाही. हृदयाचं दुखणं निघाल्यावर जड उचलायचं नाही असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते माईंच्या समोरच सांगितलं होतं, म्हणून त्या भाजीची पिशवीसुद्धा त्यांच्या हातात देत नसत. आणि शेजारणीला कौतुकानं सांगत, की ह्या वयात आमच्याकडे पहाटेपासून जिन्याला सुट्टी नसते. गुडघ्यांमुळे त्या स्वतः गच्चीवर कित्येक वर्षांत चढल्या नव्हत्या. त्या उठायच्या तेव्हा सगळ्या नळांना पाणी असायचं. त्या कपडे धुवायच्या, फरशी पुसायच्या, हात धुताना नळ मोकळा सोडून द्यायच्या. संसारात एकमेकांना विचारण्यासारखं काही राहिलं नाही असं त्यांना वाटायचं. कमी पडत असेल तर ते सांगतील, आणि ते सांगत नाहीत म्हणजे कमी नाही. ह्या हिशोबावर सगळा संसार झाला होता.

माईंना राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आला तो राग. पायापासून डोक्यापर्यंत. अर्ध्या दिवसाचं काम होतं. एक पाइप भिंतीबाहेर दिसला असता. गल्लीतल्या चार माणसांनी चार दिवस टोमणे मारले असते, आणि ते मारायला इंजिनियरांनीच त्यांना शिकवलं होतं. एवढ्यासाठी? मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. माई इतक्या रागावल्या, की हाताला लागलेला गंज त्यांनी पदराला पुसला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळची वाट न बघता त्यांनीच मुलाला फोन लावला. तो कामावर होता. त्याला वाटलं, आईला बरं नाही. मग त्यानं विचारलं, प्लंबरनं आकडा काय सांगितला. माईंनी आकडा सांगितला नाही. पाइप आतून कसा निघाला ते सांगितलं. प्लंबर काय म्हणाला ते सांगितलं.

"आई," मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं."

दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला होता. झोपमोड झाली म्हणून उठला, तर जिन्यात बाबा, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. तो भांडला. आत्ताच्या आत्ता प्लंबर आणतो म्हणाला. बाबा पायरीवर बसले आणि त्यांनी शपथ घातली. "म्हणाले, तिला कळता कामा नये. कळलं तर ती ह्या घरात नळ सोडताना दर वेळी विचार करेल. तिनं विचार करायचा नाही." तो इथं असेपर्यंत त्यानंही बादल्या नेल्या होत्या, आणि परत जाताना बाबांना सांगून गेला होता, की जपून. बस, एवढंच. "म्हणून तुला इकडे आणायचंय. त्या घरात तू... तू काही काळजी करू नकोस, मी बघतो सगळं."

"तुम्ही दोघांनी मिळून माझी काळजी वाहिलीत," माई म्हणाल्या, "आणि त्यात एक माणूस गेला."

पलीकडे मुलगा रडत होता. एरवी माईंनी त्याला समजावलं असतं, असू दे रे, तुझा काय दोष, असं म्हणाल्या असत्या. आज त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्याला रडू दिलं. मग शांतपणे सांगितलं, की रविवारच्या माणसाला नाही म्हणून कळव. पाइप बाहेरून लावायचे, सगळे, आणि पैसे माझ्या ठेवीतून जातील. मी इथंच राहणार. आणि घरात काही बिघडलं तर आधी मला सांगायचं, मग शपथा घ्यायच्या. त्यांनी फोन ठेवला, अंगणात जाऊन प्लंबरचं बोलणं मध्येच तोडलं आणि विचारलं, उद्या किती वाजता येता? रस्त्याच्या बाजूनं न्या पाइप, म्हणाल्या. दिसू देत.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला त्या अंगणातल्या नळाशी गेल्या. कळशी भरली, पातेली भरली. मग मोरीतली मोठी बादली आणली आणि तीही नळाखाली धरली. गच्चीवरची झाडं केव्हाच वाळून गेली होती, पाणी वर नेण्याचं काही कारण नव्हतं. अर्धी बादली झाल्यावर त्यांनी ती उचलली आणि जिना चढायला लागल्या. एका हातात बादली, एक हात भिंतीला. पाचव्या-सहाव्या पायरीवर गुडघे बोलायला लागले. कडी बोटांत रुतली. पाणी हिंदकळून पायांवर सांडलं, गार होतं. आणखी चार पायऱ्या, आणि छातीत भाता चालल्यासारखा श्वास. पुढे जाणं होईना. त्यांनी बादली पायरीवर टेकवली आणि तिच्याशेजारी बसल्या.

अर्धीच होती. ते दोन नेत होते, भरलेल्या, आणि एकदा नव्हे.

"सांगायचंत ना हो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी धरली असती एका बाजूनं."

मग त्या रडल्या. चांगल्या मोठ्यानं, कोणी ऐकलं तर ऐकू दे अशा. खाली नळ उघडाच राहिला होता आणि पाणी अंगणभर पसरत चाललं होतं. माईंना ते ऐकू येत होतं, पण त्या उठल्या नाहीत.