एक खुर्ची आणि दोन पारडी

"शिजवणं हाच मानवजातीच्या अशक्तपणाचा उगम आहे," काटेवाल्यांनी रविवारी सकाळी जाहीर केलं. "वाघ कधी चूल पेटवतो का? हत्ती कधी कुकरच्या शिट्ट्या मोजतो? माणसानं ज्या दिवशी अन्न विस्तवावर ठेवलं, त्या दिवशी त्याची हाडं मऊ पडली!"

एवढं बोलून त्यांनी हातातलं बिस्किट चहात बुडवलं आणि ते पुरतं मऊ होईपर्यंत थांबले. कवळी बसवल्यापासून कोरडं बिस्किट त्यांना चावत नसे.

काटेवाल्यांचं दुकान खाली आणि घर वर. वजनकाटे विकायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. त्यांनी हात लावलेला काटा केसभरही खोटं बोलत नाही, अशी बाजारात ख्याती होती आणि ती खरीही होती. म्हणजे, त्या रविवारपर्यंत खरी होती.

घरात दोन सुना. दोघी पंधरवड्याच्या अंतरानं बाळंत झाल्या. थोरलीला मुलगा, धाकटीला मुलगी. नातवानं मानसुद्धा धरली नव्हती, तेव्हाच आजोबांनी त्याला 'पैलवान' ही पदवी दिली. नातीलाही नाव होतं, पण ते वापरायची वेळ फारशी येत नसे. घरात पहिला प्रश्न असायचा, "पैलवान उठला का?" आणि मग, श्वास उरला असेल तर, "आणि ती?"

दर रविवारी दुकान बंद असलं की दोन्ही पोरांना खाली नेऊन मोठ्या पितळी तराजूत बसवायचं, हा आजोबांनी पाडलेला रिवाज. एका पारड्यात पैलवान, दुसऱ्यात ती. वजनं ठेवायची भानगडच नाही; एक नातवंड हेच दुसऱ्याचं माप. पैलवानाचं पारडं खाली गेलं की आजोबा हसायचे, आजी त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडायची आणि थोरली पदरचं काहीच गेलेलं नसताना दानशूरासारखी सगळ्यांकडे बघायची. वर गेलेल्या पारड्यातली पोरगी पाय हलवत लोंबकळत असायची. धाकटी ते रविवारमागून रविवार बघत आली होती. बघून बघून तिच्या पोटात जे दुखायचं, त्यावर औषधवाल्याकडे गोळी नव्हती.

पण त्या रविवारी भलतंच घडलं. मुलीचं पारडं खाली गेलं.

आजोबांनी चष्मा पुसला, पारडी रिकामी केली, पोरांची जागा बदलली. मुलगी पुन्हा खालीच.

"काटा बिघडलाय," ते म्हणाले.

उभ्या आयुष्यात या माणसानं स्वतःच्या काट्यावर संशय घेतला नव्हता. धाकटीनं मान खाली घातली, कारण तिला हसू येत होतं. थोरलीनंही मान खाली घातली. तिला हसू येत नव्हतं.

वर जाऊन चहा होईपर्यंत काट्याचा बिघाड बाजूला पडला आणि मानवजातीच्या अशक्तपणाचं मूळ सापडलं. पैलवान उकडलेलं, कुस्करलेलं खातो, म्हणून मागे पडतो. यापुढे त्याला सगळं कच्चं. सफरचंदाच्या फोडी, गाजराच्या लांब कांड्या, काकडीचे तुकडे. निसर्गातून थेट नातवात.

"बाबा, पण त्याला खालचे दोनच दात आलेत," धाकटी म्हणाली.

"म्हणून तर! वापरल्याशिवाय बाकीचे येतील कसे?"

"तुझ्या पोटात का दुखतंय गं?" थोरली गोड आवाजात म्हणाली. "तुझीला उकडलेलं सगळं मिळेल की आता. त्याचंच उरणार आहे."

आणि तसंच झालं. पैलवानासाठी एक उंच खुर्ची आली. पुढे ताटली ठेवायला फळी, बाजूला लाल पट्टा. तीत बसून तो गाजर हातात धरायचा, चोखायचा, डोक्यावर आपटायचा, आणि आजोबा म्हणायचे, "बघा पकड!" त्याच्यासाठी रोज ताजी फळं यायची, ती वरच्या फळीवर, धाकटीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर राहायची. मुलगी खाली, घडी केलेल्या चादरीवर. तिच्या वाट्याला भोपळा, बटाटा, रताळं. उकडलेलं, मऊ, बोटानं कुस्करलेलं. ती ते मिटक्या मारत खायची आणि गुबगुबीत होत चालली होती. पण धाकटीला ते दिसत नव्हतं. मत्सराला आपल्या ताटातलं कधी दिसत नाही. त्याची नजर शेजारच्या ताटाला शिवून टाकलेली असते.

तिला दिसायची ती खुर्ची. पट्टा, फळी, सफरचंदाची साल एकसंध सोलणारी थोरली. झाडताना धाकटी मुद्दाम खुर्चीच्या पायावर झाडू आपटायची. एकदा घरात कोणी नाही असं बघून तिनं मुलीला त्या खुर्चीत बसवलं, लाल पट्टा लावला आणि नुसती बघत राहिली. जिन्यात पावलं वाजली तशी चोरासारखी तिला उचलून खाली ठेवली. पोरीनं भोकाड पसरलं. आजी आत येऊन म्हणाली, "काय झालं हिला? भोपळा टोचला का?"

शेवटी एकदा तिनं तोंड उघडलं.

"आई, सफरचंदाची एक फोड हिलाही द्या ना."

"अगं, मुलीच्या जातीला हलकंच बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "आतापासून जिभेला चोचले लावलेस तर पुढे कोण पुरवणार? मी माझ्या भावांच्या सालीवर वाढले. काय वाईट झालं माझं?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ते धाकटीनं संध्याकाळी नवऱ्याला सांगून पाहिलं, तर तो बूट काढता काढता म्हणाला, "गाजरावरून भांडू नका गं. उद्या येताना आणतो." तो उद्या काही आला नाही.

लस टोचायच्या दिवशी दवाखान्यात दोघी जावा एकाच बाकावर बसल्या होत्या. तिथल्या नर्सबाई सगळ्या आयांना रबरी बाहुली दाखवून शिकवत होत्या, बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं. "खोकतंय, रडतंय, तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर मात्र थांबू नका. हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि पाठीवर मनगटाजवळच्या तळव्यानं जोरात. दिसत नसेल तर घशात बोट घालायचं नाही. आणखी आत जातं." त्यांनी करून दाखवायला नेमकी धाकटीलाच पुढे बोलावली. तिनं बाहुलीच्या पाठीत असा काही धपाटा घातला की बाहुलीचं डोकं निखळून बाकाखाली गेलं.

"कोणावरचा राग काढतेयस?" थोरलीनं विचारलं. सगळ्या आया हसल्या. त्यानंतर थोरलीनं बाहुलीकडे पाहिलं नाही. ती शेजारणीच्या मुलाचं वजन विचारत होती.

पुढचा रविवार उजाडला. आजोबांनी काटा 'दुरुस्त' केला होता. शिवाय समोरच्या चष्मेवाल्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. खुर्चीसुद्धा खाली दुकानात आणली होती. तराजूत चढण्यापूर्वी पैलवानानं साक्षीदारासमोर कच्चं खाऊन दाखवायचं होतं.

थोरली गाजराच्या कांड्या सोलून घेऊन आली. ताटली फळीवर ठेवून ती पट्टा लावायला वाकली, तेवढ्यात धाकटीनं त्यातली एक कांडी उचलून आपल्या गाऊनच्या खिशात टाकली. कोणी पाहिलं नाही. आज संध्याकाळी दार लावून आपल्या लेकीला द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. तिच्याही दातांना कळू दे, घरात काय काय येतं ते.

"हे बघा चष्मेवाले," आजोबा सुरू झाले, "निसर्गानं—"

निसर्गानं काय केलं ते ऐकायला सगळ्यांनी माना वळवल्या. चष्मेवाले मान डोलावत होते. आजी पारडं पुसत होती. थोरली सासऱ्यांच्या तोंडाकडे कौतुकानं पाहत होती. खोलीत एकच माणूस असं होतं, ज्याची नजर पैलवानाच्या गाजरावरून हलली नव्हती. धाकटी त्याचं प्रत्येक चोखणं मोजल्यासारखी बघत होती. माया म्हणून नव्हे; जळत होती म्हणून.

म्हणून तिलाच दिसलं. त्या दोन दातांनी कांडीचं टोक खरवडता खरवडता तुकडा सुटला. पैलवानानं तोंड उघडलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. ना खोकला, ना रडणं. डोळे मोठे झाले. ओठांचा रंग बदलू लागला.

आणि धाकटी जागची हलली नाही.

फार वेळ नाही. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच. पण त्या तेवढ्यात तिच्या मनात जे आलं, ते तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही, आणि आपणही विचारू नये. ते विचारायचंच असेल, तर दोन लेकरांना एकमेकांविरुद्ध तोलणाऱ्या घराला विचारावं.

मग तिनं झेप घेतली.

"अगं काय करतेस!" आजी ओरडली आणि पोराच्या तोंडात बोट घालायला धावली. धाकटीनं तिचा हात फटकारला. त्या घरात सुनेनं सासूचा हात फटकारल्याची ती पहिलीच वेळ. लाल पट्टा ओढला, पोराला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि पाठीवर दणका.

"मारतेय! माझ्या लेकराला मारतेय ही!" थोरलीनं तिच्या केसांना धरलं. "जळतेस ना त्याच्यावर! सोड त्याला!"

धाकटीची मान मागे खेचली गेली होती. तिनं तशाच अवस्थेत दुसरा दणका दिला. तिसरा. चष्मेवाले "पोलीस, पोलीस" असं हळू आवाजात म्हणाले. चौथ्या दणक्याला पोराच्या तोंडातून केशरी तुकडा उडाला आणि पितळी पारड्यात पडला. टण् असा आवाज झाला.

पारडं किंचित खाली गेलं. काटा अगदी उत्तम स्थितीत होता.

मग पैलवान रडला. त्याच्या आजवरच्या रडण्यांत ते सर्वांत बेसूर आणि सर्वांना सर्वांत गोड वाटलेलं रडणं होतं. थोरलीच्या हातातले केस सुटले. ती मटकन खाली बसली आणि पोराला उराशी धरून म्हणाली, "मला वाटलं... मला वाटलं तू..."

"वाटणारच," धाकटी म्हणाली. ती आपल्या मुलीला उचलायला वाकली आणि खिशातली कांडी फरशीवर पडली.

सगळ्यांनी ती पाहिली. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"चोरली होती," ती म्हणाली. "हिला देणार होते. आज संध्याकाळी, दार लावून. दार लावून, ताई! हिच्या घशात अडकलं असतं तर मला एकटीला..."

थोरलीनं ती कांडी उचलली. "तुझी जास्त भरली ना," ती म्हणाली, "तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. त्याला गाजर आवडतसुद्धा नाही गं. रोज थुंकतो. मीच परत तोंडात घालते."

डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. पोर ठणठणीत होतं. बाईंनी कानउघाडणी केली: कच्चं म्हणजे विष नव्हे, पण पिकलेलं केळं कुस्करून द्या, मऊ पेअर द्या, गाजर, सफरचंद असं कडक काही असेल तर शिजवून मऊ करा, नाहीतर बारीक किसा. आणि खाताना नजर बाळावर ठेवा, भाषणावर नको. "दुसरं बाळ काय खातं?" त्यांनी विचारलं. "उकडलेला भोपळा, बटाटा," धाकटी म्हणाली. "मग तिचं बरोबर चाललंय," बाई म्हणाल्या. अशा रीतीनं, नात म्हणून जिला उरलंसुरलं मिळत होतं, तिलाच घरात योग्य आहार मिळत होता, असं निष्पन्न झालं. मात्र याचं श्रेय घरातल्या कोणाला देता येईना.

परत आल्यावर, दुकानात थांबलेल्या चष्मेवाल्यांसमोरच आजोबांनी तराजू झाकायला फडकं घेतलं, पण सवयीनं हात पारड्याकडे गेला. "आता आलोच आहोत तर एकदा दोघांना—"

"नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, फक्त बघायला."

"माझी मुलगी पुन्हा या तराजूत बसणार नाही, बाबा. वर जायला नाही आणि खाली जायलाही नाही."

"माझाही नाही," थोरली म्हणाली.

दोन्ही सुना एका बाजूला उभ्या राहिल्याचं काटेवाल्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. तोल कुठे गेला हे त्यांना धंद्यानंच कळत होतं. ते स्टुलावर बसले. आजी आपल्या फटकारलेल्या हाताकडे बघत होती. "भावांच्या साली," ती पुटपुटली. "फोड कशी लागते, ते मला अजून ठाऊक नाही."

शांतता फार झाली की काटेवाल्यांना भाषण सुचे. ते उभे राहिले. या वेळी मात्र ते खरोखरच मनापासून बोलत होते.

"आज माझे डोळे उघडले," ते म्हणाले. "चष्मेवाले, तुम्ही साक्षीला आहात. जन्मभर मी दुसऱ्यांचे काटे सरळ केले आणि माझ्या घरातला वाकडा राहिला. आजपासून या घरात नातू आणि नात एकाच मोलाचे! हे मी दुकानाच्या पाटीवर लिहवून घेईन. बाजारातल्या प्रत्येक घराला ऐकवीन. ज्या घरात मुलीचं ताट रिकामं, त्या घराला माझ्या दुकानातून काटा मिळणार नाही! समाजाची ही दोन पारडी जोवर—"

"बाबा," धाकटी म्हणाली. मुलगी तिच्या खांद्यावर चुळबुळत होती, मूठ तोंडात घालून चोखत होती. "पाटीचं नंतर बघू. आधी तेवढी खुर्ची पुसून देता का? हिची जेवायची वेळ टळून गेलीय."