दामिनीच्या औषधाचे मडके

मी एक जुने मडके आहे, पण मित्रांनो, माझ्यातले पाणी कधी कोणी प्यायले नाही. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारातून नंदाबाईने मला ठोकून-वाजवून घेतले ते तिच्या लेकीच्या, दामिनीच्या इन्सुलिनसाठी. घरात फ्रिज नव्हता. दामिनीला लहानपणीच मधुमेह झाला होता; गोळ्यांवर भागणारा नव्हे, रोज सुई घ्यावी लागणारा. माझ्या पोटात ओली वाळू, वाळूत एक गाडगे आणि गाडग्यात तिच्या बाटल्या. ती रोज वाळूवर पाणी शिंपडायची. सुई घेऊन ती कॉलेजात जायची, भाताच्या रोवणीच्या दिवसांत बायांबरोबर चिखलात उतरायची. दवाखान्यातल्या नर्सबाईने माझे कौतुक केले होते. मी फुगले होते, खोटे कशाला सांगू?

दामिनीची आजी धुरपताबाई मात्र मला पाहून तोंड फिरवायची. "सुईवाली पोरगी कोन करन?" असे ती नातीच्या देखत म्हणायची.

यंदा मे महिन्यात तिरोड्याचे पाहुणे दामिनीला पाहून गेले. मध्यस्थ होता शेजारचा भैय्यालाल. तो कधीही घरात यायचा. त्याला दिसू नये म्हणून आजीने मला उचलले आणि मागच्या टिनाच्या छपरीत, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाआड ठेवले. होकार येईपर्यंत माझा मुक्काम तिथेच. टिन तव्यासारखे तापायचे. शिंपडलेले पाणी घटकाभरात उडून माझी वाळू कोरडी पडायची. दामिनी चोरासारखी तिथे येऊन सुई घ्यायची.

"आजी, दवाई तापून राहिली. घरात आणू दे न."

"पानीच तं हाय ते, त्याले का होते? लगन होऊ दे, मंग फ्रिज घेऊन देतो."

नंदाबाई ऐकत होती. तिनेही मला आत आणले नाही. लेकीचे लग्न तिलाही हवे होते.

औषध दिसायला पहिल्यासारखेच होते, पण त्यातला जीव गेला होता. मला कळत होते. मडक्याला तोंड असते, बोलता मात्र येत नाही. दामिनी तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली, खंगू लागली. साखर वाढल्याचे दिसतच होते; घरात एकच निकाल लागला.

"चोरून गूळ खाऊन राहिली ते," आजी म्हणाली.

"म्या नाही खाल्ला, आई."

"मंग साखर काऊन वाढली?" नंदाबाईने तिच्या थोबाडीत दिली.

दुसऱ्या दिवशी दामिनीला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. गोंदियाला नेईपर्यंत उशीर झाला होता. भैय्यालाल पेढ्यांचा डबा घेऊन, "पोरगी पसंत हाय!" असे ओरडत अंगणात आला, तेव्हा तिथे तिरडी बांधत होते.

"या मडक्यानं खाल्लं माह्या पोरीले," म्हणून आजीने मला दगडावर आपटले. आता मी खापऱ्या होऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पडले आहे. मला त्याचे दुःख नाही. राग आहे.

मित्रांनो, सुई घेणारे माणूस लपवायची गोष्ट नाही. त्याचे औषध उन्हात ठेवू नका. आणि त्याची साखर वाढली तर आधी त्याचे ऐका, मग हवे तर रागवा.

तेरवीच्या स्वयंपाकासाठी नंदाबाईने परवा गुळाचा डबा उघडला. ढेप अख्खी होती. तिच्यावरचा दुकानाचा कागदसुद्धा सुटला नव्हता. कागदासकट ती ढेप हातात धरून नंदाबाई दारात बसली, माझ्या खापऱ्यांशेजारी, आणि आजी आतून विचारत राहिली, "काव नंदा, गूळ सापडला का?"